सगळ्यांना दिसतंय ना?

□□□□ □□□□□□

दोन वाजेपर्यंत. डेपो मॅनेजरने ड्रायव्हरला घड्याळावर बोट ठेवून सांगितलं होतं.

दवाखान्यातली निळी प्लास्टिकची खुर्ची, एक पाय आखूड. बसलं की डुगडुगते, उठलं की किंचाळते.

"मला? मला तर मुंगीची मिशी दिसते." मोतीबिंदूवाल्या मावशींनी घरच्यांना ठणकावलं होतं.

सुईत दोरा ओवायला शिंप्याला त्या सकाळी पाऊण तास लागला आणि शेवटी त्याने गिऱ्हाइकालाच ओवायला लावला.

*

डोळ्यांच्या दवाखान्यात ड्रायव्हर साडेअकराला येऊन बसला, तेव्हा भिंतीवर एक नवाकोरा पडदा लटकत होता. इतकी वर्षं नावं पुकारणाऱ्या बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा आवाज असा की, नाव पुकारलं की रस्त्यापलीकडचा माणूसही 'हजर' म्हणून उठायचा. आता त्यांच्या जागी हा पडदा. डॉक्टरांच्या भाचीने प्रोग्राम लिहिला होता. काळी खिडकी, तिच्यात पांढरी अक्षरं, आत डॉक्टरांनी लॅपटॉपचं बटण दाबलं की बाहेर पुढच्या पेशंटचं नाव. तेही इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत.

ड्रायव्हरने पडद्याकडे पाहिलं. तिथे चौकोन होते.

त्याने डोळे चोळले. चौकोन. उजवा डोळा झाकला. चौकोन. डावा झाकला. तेवढेच चौकोन, त्याच ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे शिस्तीत उभे. बावीस वर्षं त्याने बस चालवली होती. आज दोन वाजेपर्यंत नजरेचं प्रमाणपत्र नेलं नाही, तर उद्यापासून डेपोच्या फाटकावर स्टूल टाकून आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, असं मॅनेजरने बजावलं होतं. सकाळपर्यंत सगळं दिसत होतं. मग वाटेत असं काय झालं?

केबिनचं दार किलकिलं झालं. भाचीचा नुसता आवाज बाहेर आला. "नावं दिसताहेत ना सगळ्यांना?"

"होऽऽ!" सगळी वेटिंग रूम एका सुरात म्हणाली.

ड्रायव्हरच्या लक्षात आलं, त्याचंही तोंड उघडलेलं होतं.

"छान दिसताहेत ना?"

"अगदी छापल्यासारखी!" शेजारच्या खुर्चीतल्या मावशी म्हणाल्या. मावशींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं घरच्यांनी पक्कं केलं होतं, आणि मावशींनी ते न करण्याचं त्याहून पक्कं केलं होतं. आज डॉक्टरांसमोर त्या सगळं घडाघडा वाचून दाखवणार होत्या.

दार बंद झालं. आत भाचीच्या लॅपटॉपवर नावं खरोखरच सुंदर दिसत होती. भिंतीवरचा पडदा मात्र कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला होता, आणि तो पडदा बाहेर येऊन बघायची तिला गरज वाटली नव्हती. इतकी माणसं एका तोंडाने हो म्हणताहेत म्हटल्यावर कशाला बघेल?

पडदा एकदा लुकलुकला. नवीन चौकोन आले. कुणी उठलं नाही.

ड्रायव्हरने बोटांवर मोजलं. आधी चार, मग सहा. आपलं नाव चार अक्षरांचं. आडनावाची मात्र तीनच. पण वेलांटी, काना वेगळे धरले तर?

"मावशी," तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तुमचंच नाव लागलंय वाटतं."

मावशींनी पडद्याकडे रोखून पाहिलं. "माझं कुठलं बाबा? तुझंच आहे की ते. ठसठशीत लिहिलंय."

"छे छे, तुमचंच. मी वाचलं ना!"

"मीही वाचलं."

"मग जा की."

"तू जा. मघापासून घड्याळ बघतोयस ना?"

"बायकांनी आधी जावं."

"अरे, नाव तुझं आणि मी काय जाऊ? देवाच्या दारातसुद्धा दुसऱ्याच्या नावावर कुणी आत जात नाही!"

दोघांनी आशेने समोरच्या शिंप्याकडे पाहिलं. शिंपी गळ्यात टेप अडकवूनच आला होता. चष्मा लागला असं पेठेत कळलं, तर लोक म्हणतील आता हा शिवण वाकडी घालणार, म्हणून तो मागच्या गल्लीने लपतछपत आला होता.

"शिंपीदादा, कुणाचं नाव आहे ते?"

शिंप्याने मान तिरकी करून, कापडाचा पोत बघावा तसं बघितलं. "आता असं आहे," तो म्हणाला, "दुसऱ्याचं नाव आपण मोठ्याने वाचणं बरं नव्हे. खाजगी बाब असते."

पडदा पुन्हा लुकलुकला. पुन्हा कुणी उठलं नाही.

आत डॉक्टर बटण दाबत होते आणि दाराकडे बघत होते. "कुणी येत का नाही ग?"

"येतील मामा. सवय नाहीये त्यांना."

"मी एक हाक मारू का?"

"मामा! हाक मारायची तर मी दोन महिने प्रोग्राम कशाला लिहिला? तुम्ही फक्त बटण दाबा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. अकरा पेशंट असेच येऊन गेले, म्हणजे न येताच गेले. भाचीने पुन्हा दार किलकिलं केलं. "काही अडचण नाही ना?"

"नाही नाही!" शिंपी पुढे सरसावला. "फक्त जरा, म्हणजे मला नाही, पण वयस्कर मंडळी आहेत, तर अक्षरं थोडी मोठी झाली तर..."

"एवढंच ना? आत्ता सेटिंग बदलते."

सगळे खुर्चीत पुढे सरकले. मोठी झाल्यावर तरी वाचता येतील! खिडकी क्षणभर पूर्ण काळी झाली आणि मग उजळली.

???? ??????

ड्रायव्हरने पुन्हा डोळे चोळले. दोन मिनिटांत चौकोनांची प्रश्नचिन्हं? आजार इतक्या झपाट्याने वाढतो? त्याने शेजारी पाहिलं. मावशींनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, आणि कसनुसं हसत म्हणाल्या, "आता कसं, मोकळंढाकळं वाटतं."

"हो ना," ड्रायव्हर म्हणाला. "सुटसुटीत."

सव्वा वाजला. ड्रायव्हरने आत जाऊन काय करायचं ते ठरवलं होतं. दवाखान्यातला तक्ता बावीस वर्षांत बदलला नव्हता. खालच्या दोन ओळी त्याला पाठ होत्या. डोळे मिटून म्हणता आल्या असत्या. प्रमाणपत्र खिशात, दोनला डेपो, अडीचला गाडी स्टँडवर.

आणि मग गाडीत लोक चढतील, इथेच त्याचा विचार अडला. पन्नास माणसं पाठीमागे बसतात. काही पेंगतात, काही शेंगा खातात, एकही माणूस पुढचा रस्ता बघत नाही. बघायचं काम त्यांनी त्याला दिलेलं असतं. उद्या सिग्नलच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं तर?

खुर्ची किंचाळली. ड्रायव्हर उभा राहिला होता.

"ताई!" तो केबिनच्या दाराकडे बघून ओरडला. "मला काही दिसत नाही. मघाशी चौकोन दिसत होते, आता नुसती प्रश्नचिन्हं दिसताहेत. मी खोटं बोललो. माझं जे व्हायचं ते होऊ दे."

मावशींनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"तुलाही प्रश्नचिन्हं?" मावशी हळूच म्हणाल्या.

"तुम्हालाही?" शिंपी ताडकन उठला. "आणि मी मघापासून मनातल्या मनात मृत्युपत्र लिहितोय!"

"मग ठसठशीत काय म्हणत होता हो?" मावशींनी शिंप्यालाच विचारलं.

"ते तुम्ही म्हणालात! मी खाजगी बाब म्हणालो!"

त्या गदारोळाने भाची बाहेर आली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने भिंतीवरचा पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, तुमचे डोळे ठणठणीत आहेत! बिघडलाय तो माझा प्रोग्राम. या जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीकडे आपली अक्षरंच नाहीत. अक्षर सापडलं नाही की ती चौकोन ठेवते. आणि मी जे बदललं, त्याने तर तिने अक्षरं ओळखायचंच सोडून दिलं. एकानेही कसं सांगितलं नाही मला?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. "काय गडबड आहे?"

"मामा, तुम्हीच बघा ना काय झालंय!"

डॉक्टरांनी दारातूनच, आठ-दहा पावलांवरून, पडद्याकडे शांतपणे पाहिलं. हात मागे बांधले. "काय झालंय? चांगलं तर दिसतंय. नावं अगदी स्पष्ट आहेत."

भाचीने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा मामाकडे. पडद्यावर चार आणि सहा प्रश्नचिन्हं लुकलुकत होती.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "पहिलं नाव काय आहे?"

"आता ते काय... नाव आहे ना ते... छापल्यासारखं आहे."

ड्रायव्हरने तो सूर ओळखला. सकाळपासून तो स्वतः त्याच सुरात बोलत होता. जवळचं काम डॉक्टरांचं अजून पक्कं होतं, दुर्बिणीतून बुबुळ बघावं तर त्यांनीच. पण खोलीच्या पलीकडे काय आहे, याबाबत ते बहुधा बऱ्याच दिवसांपासून सगळ्यांच्या हो ला हो करत असावेत.

शिंप्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ड्रायव्हरने त्याच्या पायावर पाय दिला.

"पडद्यावर उजेड येतोय, डॉक्टर," तो म्हणाला. "तिथून कुणालाच नीट दिसायचं नाही."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर घाईने म्हणाले. "या, तुम्ही आत या आधी."

बाहेर भाचीने सेटिंग पुन्हा बदललं. आता अक्षरं आली, पण वेलांट्या अक्षरांवरून घसरून शेजारी जाऊन बसल्या होत्या आणि जोडाक्षरांची फारकत झाली होती. मात्र आता वेटिंग रूमला खरं बोलायची चटक लागली होती. "माझी वेलांटी पळाली!" "माझं आडनाव मोडलं!" "इथे एक ठिपक्यांचं वर्तुळ कुणाचं आहे?" शेवटी भाचीने त्या काळ्या खिडकीचा नादच सोडला, प्रोग्राम दुसऱ्या, नव्या खिडकीत उघडला, आणि नावं जशीच्या तशी उमटली. तरीही मावशी म्हणाल्याच, "माझा उकार जरा बारीक वाटतो."

आत ड्रायव्हर तक्त्यासमोर बसला होता. पाठ असलेल्या ओळी त्याने मुद्दाम विसरायचा प्रयत्न केला आणि एकेक अक्षर बघून वाचलं. एकेक अक्षर जागच्या जागी होतं. सगळ्यात खालच्या ओळीतल्या शेवटच्या अक्षराशी तो थांबला. "हे नाही दिसत डॉक्टर. खरं सांगतो."

"त्याची गरज नसते," डॉक्टर म्हणाले. कागद नाकाजवळ नेऊन त्यांनी सही केली, शिक्का मारला. पावणेदोन झाले होते. ड्रायव्हर उठून दारापाशी पोचला, तसा मागून आवाज आला.

"तुमची गाडी किती वाजता सुटते?"

"अडीचला."

"टेकडीपलीकडच्या कॉलनीत जाते?"

"तुमच्या दारावरून."

डॉक्टरांनी टेबलावरची स्वतःच्या मोटारीची किल्ली उचलली, थोडा वेळ हातात खेळवली आणि खणात टाकून खण बंद केला. "खिडकीजवळची जागा मिळेल?"

"पहिली ठेवतो," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या मागची."

सकाळी दवाखान्यासमोर मोटार लावताना डॉक्टरांनी दोन कुंड्या आणि एक सायकल पाडली होती.