दोन्ही चाकं एकदम

अकरा वर्षांनी ड्रायव्हरची बायको त्याच्या ट्रकमध्ये बसायला तयार झाली. घाटापलीकडे राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली होती, आणि आजीला दम निघत नव्हता. अट एकच. "वळणावर तुमचा ट्रक कलंडल्यासारखा झुकतो, माझं पोट ढवळतं. तेवढं बघा."

ड्रायव्हरनं गॅरेज गाठलं. मेकॅनिकनं ट्रकखालचा स्वे बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी, काढून चांगला जाडजूड बसवला. "आता वळणावर गाडी टेबलासारखी सपाट! फक्त एकाच चाकाला खड्डा लागला, तर..." पुढचं ऐकायला ड्रायव्हर थांबलाच नाही.

घाटातली पहिली तीन वळणं ट्रकनं मान ताठ ठेवून घेतली.

"अगंबाई, पोट जागच्या जागी आहे!"

ड्रायव्हरची छाती फुगली. तेवढ्यात डावं चाक खड्ड्यात गेलं आणि असा दणका बसला, की उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरचं डोकं टपावर आपटलं.

"खड्डा माझ्या बाजूला आणि टेंगूळ तुम्हाला?" बायकोला हसू आवरेना.

पुढचा खड्डा उजवीकडे निघाला. तिचा अंबाडा सुटला, आणि हसूही थांबलं.

मग रस्ताभर आडवा पसरलेला एक खड्डा आला. ट्रक अलगद उतरला, अलगद चढला.

"अहो, दोन्ही चाकं एकदम पडली की दणका नाही! जोडलीच आहेत, तर जोडीनं पडू द्या की!"

ती खिडकीतून डोकं काढून हुकूम सोडू लागली. "एकटा आहे, चुकवा! हा आडवा, घाला सरळ!" जन्मभर खड्डे चुकवलेला माणूस आता नेम धरून खड्ड्यांत शिरत, नागमोडी निघाला.

शिट्टी वाजली. हवालदार आडवा आला. "किती घेतलीस?"

"थेंबही नाही, साहेब."

"मग खड्डे शोधत का चाललायस?"

बायकोनं बारपासून अंबाड्यापर्यंत सगळं सांगितलं. हवालदारानं गंभीर चेहऱ्यानं वही काढली. ड्रायव्हर लायसन शोधू लागला.

"ताई, एकूण खड्डे किती?"

"एकतीस. त्यातले नऊ आडवे."

"जागा आठवतात?"

"तोंडपाठ!"

"सांगा, लिहून घेतो. चार वर्षं तक्रार करतोय, तर रस्तेवाले म्हणतात, आधी मोजून आणा."

वहीची दोन पानं भरली. "आणि पुढच्या उताराचे?" हवालदारानं विचारलं.

"ते परत येताना सांगते," ती अंबाडा बांधत म्हणाली. "याच ट्रकनं येणार आहे मी."