मिठाची काय-स्क्वेअर कसोटी

बाभुळगावच्या कापूस-पाहणी कचेरीत धर्मपालला आकडेमोडीची नोकरी लागली, तेव्हा वस्तीत गूळ वाटला गेला होता. पण नागपूरहून आलेल्या साहेबांनी फर्मावलं, "पुढच्या महिन्यात प्रत्येकानं माझ्यासमोर काय-स्क्वेअर कसोटी करून दाखवायची," आणि धर्मपालची झोप उडाली. चारचौघांत चुकलो तर? आकड्यांतला फरक खरा की नुसता योगायोग, हे तपासायचं ते गणित; त्यानं ठरवलं, आधी घरीच हात बसवावा.

सकाळचं वरण आई, मथुराबाई, करायची. संध्याकाळचं बायको, कौसल्या. महिनाभर तो जेवून उठला की वहीत गुपचूप खूण करायचा: मीठ बरोबर की चुकलं. (तोंडानं मात्र दोन्ही वेळा "फस्क्लास!" जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.)

तिसाव्या दिवशी त्यानं आकडे मांडले. तीस-तीस वरणांत कौसल्या सहा वेळा चुकली होती, आई चौदा वेळा. हाताचा आणि मिठाचा संबंधच नसता, तर दोघींच्या वाट्याला साधारण दहा-दहा चुका यायला हव्या होत्या. गणित सुटलं: ४.८. योगायोगाची पुस्तकातली मर्यादा ३.८४. म्हणजे हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येईना! हे घरात कळलं तर?

वही लपवायला वळला, तर मागे कौसल्या. चौथी पास.

"आई चौदा, कौसल्या सहा. हे काय हो?"

"काय-स्क्वेअर."

"तेच त इचारून राह्यली, काय?"

"कापसाच्या जाती हायेत त्या," धर्मपाल वही मिटत म्हणाला.

"कापसाच्या जातीले आईचं नाव?"

"काय झालं व?" चुलीपाशी बसलेल्या मथुराबाईनं विचारलं.

धर्मपालला खोटं काही सुचेना, म्हणून त्यानं खरं सांगून टाकलं आणि डोळे गच्च मिटले. आता फुंकणी येते की पाटा?

काहीच आलं नाही. ते जास्त भयंकर होतं. त्यानं एक डोळा किलकिला केला. आई पदरानं डोळे पुसत होती.

"खरं हाये तुहं, बापू. मले हातावरचं मीठच दिसत नाही. वरीस झालं, अंदाजानंच टाकून राह्यली."

"मंग सांगतलं काहून नाही?" कौसल्या म्हणाली.

"चूल सुटली, त मंग मी या घरात कोन?"

कौसल्या सासूजवळ जाऊन बसली. "चूल तुमचीच हाये, मामी. मीठ तेवढं मी टाकीन. अन् डोये दाखवाले जाऊ आपण."

यवतमाळच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात साहेबांनी धर्मपालची कसोटीही बिनचूक ठरवली. तो छाती फुगवून ही बातमी आईला सांगायला वॉर्डात शिरला, तर खाटांवरच्या साऱ्या बाया त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावू लागल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मथुराबाई अभिमानानं सांगत होती,

"माहा पोरगा लय शिकला, बाई! आता सरकार त्याले वरनातलं मीठ चाखाचा पगार देते."