माणशी तीनशे

हरेश केटरिंगवाल्याने लेकीचं अंदाजपत्रक चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं, तरी आकडा कमी होईना. खालापूरच्या एका कारखान्याला कामगारांसाठी सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स करून हवा होता. कोर्स चाळीस मिनिटांचा, बघणारे चारशे. प्राची पुण्यात हीच कामं करायची. नोकरी सोडून ती दोन महिन्यांपूर्वी कडावला घरी आली होती. हे काम मिळालं तर ती इथेच राहणार होती. नाही तर पुण्याच्या ऑफिसने सोमवारी परत बोलावलंच होतं. लेक घरात असली की हरेशला दोन घास जास्त जातात. तो हे कबूल करत नसे, पण होतं तसं.

"चाळीस मिनटांला एकशे तेहतीस तास?" तो म्हणाला. "येवढ्यात मी चार लग्नं उरकतो गं!"

"पप्पा, लिहायचं, शूटिंग करायचं, आवाज द्यायचा, वर परीक्षेचे प्रश्न काढायचे. तासाभराच्या कोर्सला दोनशे तास धरावेच लागतात."

"तुजे तास ठेव तुज्याजवळ. गिऱ्हाइकाला तास कळत नाय, ताट कळतं. माणशी भाव सांगायचा."

त्याने अंदाजपत्रकातल्या एक लाख वीस हजारांना चारशेने भागलं. माणशी तीनशे, वर पैसासुद्धा उरला नाही. हिशेब इतका सुरेख सुटल्यावर तो चुकीचा कसा असेल? प्राची आंघोळीला गेली तेवढ्यात त्याने नवा कागद लिहिला, तोही स्वतःच्या केटरिंगच्या छापील कागदावर.

दोघं खालापूरला गेले तेव्हा हरेशने तोच कागद पुढे केला. कारखान्याचे मॅनेजर साईनाथराव तो वाचून खुश झाले.

"माणशी तीनशे? वा! मग आमचा एकच सुपरवायझर बघेल आणि बाकीच्यांना समजावून सांगेल. म्हणजे तीनशे रुपयेच झाले की!"

एकाने जेवायचं आणि बाकीच्या वऱ्हाडाला चव सांगायची, असं लग्न हरेशने पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. प्राचीने बापाकडे एकदाच पाहिलं. त्यात सगळं आलं.

"चालेल सर," ती शांतपणे म्हणाली. "सर्टिफिकेट मात्र बघणाऱ्याच्याच नावाने निघतं. म्हणजे एकच निघेल. तपासणीला साहेब आले की प्रत्येकाचं मागतात ना?"

साईनाथरावांचं हसू मावळलं. "मागतात. कंत्राटी कामगारांचंही मागतात," ते पुटपुटले. "ते अडीचशे आहेत."

चारशेचे साडेसहाशे झाले. एक लाख पंचाण्णव हजार! बापाच्या अडाणी हिशेबाने लेकीच्या शहाण्या हिशेबाला पाऊण लाखाने मागे टाकलं. हरेशने इथे तोंड मिटून बसायला हवं होतं. पण साईनाथराव कागदाकडे बघत गप्प बसले होते, आणि गिऱ्हाईक गप्प बसलं की हरेशच्या जिवाची घालमेल होते. अशा वेळी तो जिलबी फुकट जाहीर करतो.

"हिंदी आमच्याकडून!" तो ओरडला.

"म्हणजे?"

"कोर्स हिंदीतून पन देऊ. फुकट."

टेबलाखाली प्राचीने त्याचा पाय जोरात दाबला. एवढ्यावर भागत नसावं, असा हरेशने त्याचा अर्थ घेतला.

"आणि ओडिया! तुमचे कंत्राटी तिकडचेच ना? त्यांच्या भाषेत पन देतो!"

साईनाथरावांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

येताना टेंपो चालवत हरेश गाणं गुणगुणत होता. पळसदरी मागे पडेपर्यंत प्राची फोनवर कुणाला तरी मेसेज करत होती.

"बोल की गं! मिळालं ना काम?"

"मिळालं. पण प्रत्येक भाषेला आवाज नवा, पडद्यावरची अक्षरं नवी, प्रश्न नवे. ती माणसंही पुण्यात आणि स्टुडिओही पुण्यात. सगळं भाड्याने घेतलं तर वरून आपल्यालाच पैसे घालावे लागतील."

"मग?"

"जुन्या साहेबांना विचारलं. स्टुडिओ फुकट देतो म्हणाले, मी परत रुजू झाले तर. वर्षभर तरी राहावं लागेल. सोमवारी निघते."

हरेशने टेंपो बाजूला घेतला. काम मिळवायला तो कशासाठी गेला होता, ते त्याला आता पुन्हा आठवलं.

घरी पोचल्यावर त्याने मागच्या दारी जाऊन साईनाथरावांना फोन लावला. गिऱ्हाइकाला स्वतःचाच भाव पाडून सांगण्याची ही त्याची पहिली वेळ.

"साहेब, जरा म्हाग पडत आसंल ना तुमाला? हिंदी-ओडिया काढून टाकू. वरून वीस हजार कमी करतो."

"छे छे! अहो, बाकीचे एकेका भाषेचे लाख-लाख मागत होते. एक रुपया कमी करू नका. आमच्या दुसऱ्या कारखान्यालाही तुमचंच नाव सांगितलंय. तिथे तेलुगूवाले आहेत."

तो आत आला तेव्हा प्राची बॅग भरत होती.

"फोन सरांनाच होता ना? काय म्हणाले?"

"भाव पसंत हाय म्हणतात," हरेश म्हणाला आणि तिच्या बॅगेची अडकलेली चेन ओढत बसला.