मोजून राहिलो

नवऱ्याच्या बदलीपायी पुणं सोडून मिनल मॅडम नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या, आणि संशोधनासाठी त्यांच्या वाट्याला पहिला विद्यार्थी आला तो बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा रजत. विषय त्याचा त्यानंच निवडला होता: कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या. नंदनवन वस्तीतल्या पंधरा घरांतलं पाणी त्यानं बरण्यांत भरून प्रयोगशाळेत आणून ठेवलं. पुढच्या सोमवारी विद्यापीठाच्या प्रदर्शनात आकडे मांडायचे होते. आपला पहिलाच विद्यार्थी तिथं तोंडावर पडू नये म्हणून मॅडम देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

मार्गदर्शकानं विद्यार्थ्याच्या मानगुटीवर बसू नये, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्या रोज चार वाजता फक्त दारातून विचारायच्या.

"रजत, अळ्या मोजल्यास का?"

"मोजून राहिलो ना, मॅडम."

मोजून झाल्यावरही पोरगा इथंच राहिलाय, असा मॅडमनी अर्थ घेतला. त्यांना त्याचं कौतुक वाटलं, आणि थोडी दयाही आली.

"मग राहू नकोस. घरी जा."

रजत ड्रॉपर ठेवून उठायचा. मॅडम पुण्याच्या, अर्धीच बरणी मोजायची काही नवी पद्धत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. रोज दोन-तीन बरण्या अशा अर्ध्यावर सुटायच्या आणि गडबडीत त्यांच्यावर जाळी बांधायची राहून जायची. उरलेल्या अळ्यांना मात्र कुणी घरी जा म्हटलं नव्हतं. त्यांचे डास झाले.

शुक्रवारी रजत बरणीवर वाकलेला आणि मॅडम दारात उभ्या असताना विभागप्रमुख चंद्रभान सर मान खाजवत आले.

"मॅडम, डास चावून राहिले."

"चावून राहिले ना? मग आता गेले असतील," मॅडमनी धीर दिला.

सरांनी स्वतःच्याच गालावर चापट मारली आणि मेलेला डास पुढे धरला. "गेले कुठी? सकाळपासून चावूनच राहिले."

मॅडमनी डासाकडं पाहिलं, मग बरण्यांकडं.

"रजत, मोजून राहिलो म्हणजे तू अजून मोजत होतास?"

"हो ना. तुम्हीच अर्ध्यातून घरी धाडून राहिले होते."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारतो कवा, मॅडम? तुम्ही दारातूनच वापस जात होत्या."

हे मात्र मॅडमना पहिल्या झटक्यात कळलं, आणि लागलंही. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसल्या.

शनिवारी रजतनं पंधराही टाक्यांतलं पाणी पुन्हा आणलं. रविवारी सकाळपासून दोघं मोजत होते आणि चंद्रभान सर आकडे लिहून घेत होते. बाराव्या बरणीवर मॅडमचा फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यांनी कोपरानंच स्पीकर लावला. नवरा होता. जेवण गार होतंय, झालं का मोजून, असं विचारत होता.

"मोजून राहिले रे," मॅडम बरणीवरची नजर न काढता म्हणाल्या.

"मोजून झालं ना? मग राहिलीस कशाला? घरी ये."

सवयीनं रजत ड्रॉपर ठेवून उठला. मॅडमनी त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"बस गा," त्या म्हणाल्या.