पाच टक्के हैबती

एका जंगलात, बाळांनो, हैबती नावाचा एक वानर होता. अगदी परवापर्यंत होता.

त्याचं काम एकच. पाणवठ्यावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि वाघ दिसला की ओरडायचं. तो ओरडला की हरणं पळायची, ससे पळायचे, अस्वलसुद्धा पळायचं. एका दुपारी तो स्वतः पाणी प्यायला खाली उतरला. तेव्हा वर ओरडायला कोणी नव्हतं.

जंगल हळहळलं. त्या जंगलात हळहळ वाटली की फ्लेक्स लावायची रीत होती. ज्याचा फ्लेक्स लागला नाही तो मेला, असं तिथं कोणी धरतच नसे.

फ्लेक्स करायचा सरडा. रंगातलं त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. हैबतीचा धाकटा भाऊ सुभान्या त्याच्याकडे पेनड्राइव्हवर फोटो घेऊन गेला. फोटो एकच होता. त्यात हैबती तोंडात टेंभुर्णं कोंबून हसत होता. सुभान्याचं म्हणणं एवढंच, की दादाचं तोंड मोठं दिसावं. पाण्यावर येईल त्याला दिसावं.

पुढारी कोल्हा म्हणाला, मोठं कशाला, अख्ख्या फ्लेक्सभर टाकू. सुभान्याला कोल्हा त्या दिवशी फार आवडला.

मग कोल्ह्यानं शोकाकुलांची यादी काढली. फोटो फ्लेक्सभर, म्हणजे नावं फोटोवरच येणार. आणि वानराचं तोंड काळं. काळ्यावर काळी अक्षरं वाचता येईनात. कोल्हा म्हणाला, फोटो जरा लाईट कर. सरड्यानं केला.

अस्वलाचं नाव नाकावर आलं. त्याला ते पुसट वाटलं. फोटो आणखी लाईट झाला. सशांना 'समस्त ससे मंडळ' चालेना, बेचाळीसच्या बेचाळीस नावं हवी होती. ती दोन्ही गालांवर बसवली. आणखी लाईट.

शेवटी वाघाचा निरोप आला. तोही शोकाकुल होता.

"त्याचं नाव ठळक पाहिजे. कपाळावर घे," कोल्हा सरड्याला म्हणाला.

"अहो, पण दादाला त्यानंच खाल्लं," सुभान्या म्हणाला.

"म्हणून तर त्याला जास्त वाईट वाटतंय. तुझ्या दादाला इतक्या जवळून दुसऱ्या कोणी ओळखलं होतं का?"

सुभान्यानं मान डोलावली. तो शाळेत फारसा गेला नव्हता.

फ्लेक्स लागला. जो तो आपापलं नाव शोधून त्याच्याखाली उभा राहिला. अक्षरं सुरेख आली म्हणून सगळ्यांनी सरड्याची पाठ थोपटली. सुभान्यानं डोळे बारीक करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. मग सरड्याला विचारलं, दादा कुठाय.

"आहे की. मागं आहे. पाच टक्के आहे. उन्हात दिसत नाही, ढगाळ दिवशी ये."

सुभान्यानं मूळ फोटो परत मागितला. तेव्हा सरड्याचा रंग उडाला. दर वेळी त्यानं तोच फोटो फिकट केला होता आणि त्याच्यावरच सेव्ह केला होता. वेगळी कॉपी ठेवायची राहून गेली होती.

"मग परत गडद कर."

"सुभान्या, घालवलेला रंग मलाही आणता येत नाही रे," सरडा म्हणाला आणि हळूच बांबूच्या रंगाचा झाला.

सुभान्यानं विचार केला नाही. त्यानं तो कधीच केलेला नव्हता. एका उडीत तो फ्लेक्सवर चढला आणि बरोबर मधोमध, तोंडाच्या जागी, बांबूला धरून बसला.

खाली गोंधळ उडाला. अस्वलाचं नाव झाकलं गेलं होतं. सशांनी मोजलं तर एकोणतीसच ससे शोकाकुल भरले. वाघाच्या नावावर शेपूट आडवी आली होती. कोणी शिव्या दिल्या, कोणी बांबू हलवला. सुभान्या उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पाण्यावर येणारे आता वर बघायचे. काळं तोंड दिसलं की क्षणभर थबकायचे. एक पाडस आईला म्हणालं, हैबतीकाका आले. आई तशीच मागं फिरली. तिनं पाणीही प्यायलं नाही.

हे काही ठीक नव्हतं. तिसऱ्या दिवशी कोल्हा हात जोडून फ्लेक्सखाली उभा राहिला.

"सुभानराव, बसा हवं तर. आमची हरकत नाही," तो म्हणाला. "पण जरा फिकट होऊन बसा."

तात्पर्य : बाळांनो, मरताना मागं आपला चांगला फोटो ठेवू नये, कोरा कागद ठेवावा. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांना नाव लिहायला जागा लागते.