मास्टर वाचला का?

"कॉम्प्युटर? हवाच कशाला!" असं म्हणून मास्तरांनी लेकीच्या हातातून कारखान्याची किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

मास्तर म्हणजे टायपिंग क्लासचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना बोटं चालवायला शिकवलं होतं. घरात बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. मग कॉम्प्युटर आला आणि क्लास बंद पडला. तेव्हापासून कॉम्प्युटरचं नाव निघालं की सवतीचं नाव निघाल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. गेली चार वर्षं ते घरी बसून होते. बसून म्हणजे, पेपरातल्या छपाईच्या चुकांवर लाल पेनाने गोल काढत! "अहो, एकदा तो पेपर परत पाठवा त्यांना," बायको म्हणाली होती, "पास की नापास ते तरी कळू दे!" सगळे हसले. मास्तरही हसले. पण आपण आता कुणाच्याच कामाचे उरलो नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून ती किल्ली!

लेकीचा कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि वायरींचा गुंता. वाजणाऱ्या लहानसहान वस्तू ती बनवायची. मागच्या महिन्यात पाळण्यावर टांगायची खेळणी झाली. आता एका वृद्धाश्रमासाठी खाटेपाशी लावायच्या चोवीस घंट्या चालल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाने बटण दाबलं की घंटा अशी ठणाणा वाजणार, की नर्स येऊन बंद करेपर्यंत थांबणार नाही. घंट्या आज पाचपर्यंत लावून द्यायच्या होत्या, आणि नेमक्या आजच कॉम्प्युटरने मान टाकली होती. लेकीला सकाळपासून तिकडे भिंतींवर वायरी बसवायच्या होत्या. मग चिपा भरणार कोण?

"बाबा, नीट बघा," तिने जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र पुढे ठेवलं. "याला कॉम्प्युटर लागत नाही. ही लाल ठिपक्याची चिप म्हणजे मास्टर. घंटेचा प्रोग्रॅम हिच्यात आहे. मास्टर या खोबणीत बसवायचा, खटका पाडायचा, 'वाच' दाबायचं. यंत्र सगळं पोटात घेतं. मग मास्टर काढून कोरी चिप बसवायची आणि 'लिही' दाबायचं. हिरवा दिवा लागला, की उतरलं."

"म्हणजे कार्बन पेपर!"

"हो, कार्बन पेपरच. मास्टर मात्र जपा. एकच आहे."

मास्तरांनी कारखाना उघडला, टेबल पुसलं, स्टूल पुसलं, यंत्रही पुसलं. मग मास्टरची डबी उघडली. इथेच घात झाला! चिप बोटातून निसटली, टेबलावरून उडाली आणि स्टुलाखाली गेली. मास्तर घाबरून उठले आणि त्यांचा बूट चिपेच्या एक बोट अलीकडे पडला. एक बोट! त्यांनी ती उचलली, फुंकली, चष्मा कपाळावर चढवून तिचे पाय मोजले. सगळे शाबूत. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मास्टर वाचला का?"

मास्तरांनी चिप मुठीत लपवली. हिला कसं कळलं?

"वाचला गं! थोडक्यात वाचला!"

"थोडक्यातच वाचतो तो. प्रोग्रॅम केवढासा! बरं, आता त्याला डबीत ठेवा आणि कोऱ्या चिपा लावा."

"ठेवतो, ठेवतो!" मास्तर घाईघाईने म्हणाले. जास्त बोललो तर कसा वाचला ते सांगावं लागेल, आणि मग किल्ली जाईल! त्यांनी मास्टर डबीत घातला, डबी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. 'वाच'चं बटण दाबायचं तसंच राहिलं.

मग पहिली कोरी चिप. खटका. 'लिही'. हिरवा! दुसरी. हिरवा! मास्तरांना जुना हात सापडला. चोवीसच्या चोवीस हिरवे, लाल एकही नाही! त्यांच्या क्लासचाही निकाल कधी असा लागला नव्हता. चिपा घंट्यांत बसवून, स्क्रू आवळून ते दोन वाजता वृद्धाश्रमात हजर झाले.

"सगळ्या पास!" त्यांनी लेकीला सांगितलं.

तिने तासाभरात घंट्या भिंतींवर बसवल्या. मेट्रनबाई पाहायला आल्या. त्यांचा चेहरा असा होता, की तो बघून तापाने स्वतःहून उतरावं. लेकीने पहिल्या खाटेचं बटण दाबलं.

घंटा वाजली नाही. अगदी हळू, अगदी गोड आवाजात अंगाई वाजू लागली.

लेकीने दुसरं बटण दाबलं. अंगाई! तिसरं. अंगाई! तोवर मंडळींना मजा वाटू लागली आणि ज्याने त्याने आपापलं बटण दाबलं. चोवीस अंगाया, प्रत्येक निराळ्या ओळीवर!

"अगं, मला पाणी हवंय!" अकराव्या खाटेवरच्या आजी ओरडल्या. "झोप नकोय!"

कोपऱ्यातली नर्स जांभई देत होती. मेट्रनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "इथे माणूस पडला, तर ही त्याला झोपवणार का? पाचपर्यंत घंटा वाजली पाहिजे. नाहीतर सगळं काढून न्या, आणि पुन्हा येऊ नका."

लेक पांढरी पडली. "बाबा, हे पाळण्याच्या खेळण्याचं आहे! यंत्राच्या पोटात जुनंच राहिलं. तुम्ही मास्टर वाचलाच नाही!"

"वाचला की! बुटाखाली आला होता, थोडक्यात..." आणि मास्तर थांबले.

"पण मग हिरवा कसा लागला?" त्यांनी हळूच विचारलं.

"यंत्राला चूक-बरोबर कळत नाही, बाबा. पोटातलं आणि चिपेतलं सारखं दिसलं, की त्याचा हिरवा."

मास्तर खाली बसले. त्यांच्या क्लासच्या भिंतीवर एकतीस वर्षं एकच पाटी होती: 'आधी वाचा, मग बोटं चालवा.' कितीतरी पोरांना त्यांनी त्या पाटीखाली उभं केलं होतं. आज स्वतः उभं राहायची वेळ आली होती, आणि पाटीही उरली नव्हती. त्यांना खरोखर लाज वाटली.

पण लाज वाटून घंटा वाजत नाही. ते उठले, धापा टाकत कारखान्यात गेले, यंत्र आणि मास्टरची डबी घेऊन परत आले. अकराव्या खाटेजवळच्या टेबलावर त्यांनी सगळं मांडलं. यंत्र बॅटरीवर चालत होतं. कॉम्प्युटर खरंच नको होता! त्यांनी चष्मा नाकावर घेतला, मास्टर बसवला, खटका पाडला आणि 'वाच' दाबून मोठ्याने म्हणाले, "वाचला! डोळ्यांदेखत वाचला!"

लेक स्क्रू काढून चिपा देत होती, ते भरून परत करत होते. आता मात्र प्रत्येक घंटा ते आधी वाजवून बघत. हिरव्या दिव्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

"माझी सगळ्यात शेवटी काढा हो," अकराव्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या. "तेवढं ऐकून घेते."

पाचला चार मिनिटं कमी असताना त्यांचीही घंटा ठणाणा वाजली. मेट्रनबाईंनी कानांवर हात ठेवले आणि पहिल्यांदाच हसल्या.

मास्तरांनी खिशातून किल्ली काढून लेकीपुढे धरली. ती घेईल की नाही, हे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे आई होती, आणि तिचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू येत होता.

"काय गं, आज मास्तर वाचले का?"

लेकीने मास्तरांची मूठ किल्लीसकट मिटली.

"वाचले गं आई," ती म्हणाली. "थोडक्यात."