पोस्टकार्डावरची राज्यघटना

दिल्लीत देशाची घटना लिहायचं काम चाललं होतं, त्या दिवसांत आमच्या मुरबाडातही एक गृहस्थ ती लिहीत होते. पोस्टकार्डावर. एका कार्डावर एक कलम, आणि खाली दोन बोटं जागा कोरी. दिल्लीवाल्यांना एखादी दुरुस्ती सुचली तर बिचाऱ्यांना कागद शोधत बसायला नको, हा त्यामागचा विचार.

मी तेव्हा मुरबाडच्या पोस्टात होतो, त्यामुळे ही घटना माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली. दर मंगळवारी मी खिडकी उघडायच्या आत बुधाजीभाऊ ओट्यावर येऊन बसलेले असत. डोक्यावर खादीची टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि पन्नाशी उलटली तरी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज. कार्ड माझ्यापुढे सरकवत म्हणायचे, "मास्तर, वाचून घ्या. कायद्यात चूक ऱ्हायली तं देशाचं वाटोळं व्हईल."

मी वाचायचो. 'घटना लिहिणारे मंडळींस, दिल्ली. कलम नववे. कोणी माणूस आजारी पडल्यास त्यास औषधासाठी पाच कोसांच्या पुढे जावयास लागू नये. लागल्यास सरकारने उचलून न्यावे. कळावे. बुधाजी, मुक्काम मुरबाड. तुरुंगवास दोन वेळा.'

इतर लोक नावापुढे बी. ए. लिहितात, त्या जागी भाऊ तुरुंगवास लिहायचे.

त्यांच्या घटनेत शेतसारा नव्हता, सैन्य नव्हतं, न्यायाधीश तर औषधालाही नव्हता. सगळी कलमं आजारपणाची. मी एकदा विचारलं, "भाऊ, बाकीच्या देशाचं काय?"

"बाकीचं ते लिवतील की! शिकलेली मानसं हायत. पन मास्तर, धडधाकट मानूस कायदा लिवाया बसला का आजारी मानूस त्याच्या ध्यानात ऱ्हात नाय. म्हनून मी आठवन देतो."

दिल्लीहून उत्तर कधी आलं नाही. येणार तरी कसं? पण भाऊंच्या उत्साहावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही, कारण त्यांचा हिशेब सरळ होता. "उत्तर आलं नाय म्हंजे मंजूर!" हे त्यांचं आवडतं वाक्य. मुरबाडात ते इतकं पसरलं होतं, की उधारी मागितल्यावर गिऱ्हाईक गप्प बसलं तर वाणीही तेच म्हणायचा.

गंमत पोस्टकार्डापर्यंत राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण कलम मंजूर झालं असं एकदा ठरलं की भाऊ त्याची अंमलबजावणी सुरू करत, आणि तिथे आमच्या दवाखान्याच्या कंपाउंडरची झोप उडे. दवाखान्यात औषध पातळ मिळायचं आणि बाटली ज्याची त्यानं आणायची असा रिवाज होता. डोंगरातल्या वाडीवरच्या आदिवासी ठाकराच्या घरात कुठली आलीय बाटली? कुणी पितळेची लोटी घेऊन येई, कुणी नुसताच हात पुढे करी. कंपाउंडर त्यांना परत पाठवी. भाऊंनी कलम चौदावं टाकलं, 'बाटली सरकारची', आणि तीन आठवडे वाट पाहून थेट खिडकीशी उभे राहिले. "चौदावं कलम लागू झालं. बाटली काढा." कंपाउंडरनं हुज्जत घातली. भाऊ जागचे हलेनात. त्यांच्या मागे रांग वाढत गेली आणि शेवटी कंपाउंडर स्वतःच्या घरून रॉकेलच्या, तेलाच्या, कसल्या कसल्या बाटल्या धुऊन घेऊन आला. मुरबाडपुरतं का होईना, चौदावं कलम खरोखरच लागू झालं.

म्हसा गावच्या जत्रेतली गोष्ट तर अजून लोक सांगतात. पौषात तिथे गुरांचा मोठा बाजार भरतो. त्या वर्षी सरकारनं बैल तपासायला गुरांचा डॉक्टर पाठवला. बैलांची रांग लागली. भाऊ त्या रांगेत शिरले. पुढे एक खिलारी, मागे एक गावठी, मध्ये भाऊ. त्यांची पाळी आली तशी डॉक्टरापुढे उभं राहून त्यांनी जीभ बाहेर काढली.

"हे काय?" डॉक्टर ओरडला.

"बैलाला डाक्टर आला, बैलवाल्याला नाय आला. आजच्या दिस मला बैलात धरा."

जत्रा पोट धरून हसली. तो डॉक्टर मात्र भला माणूस निघाला. त्यानं भाऊंची जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि सांगितलं, "जनावर तंदुरुस्त आहे, पण आवाज फार करतं."

भाऊ मूळचे वैशाखऱ्याचे, म्हणजे माळशेज घाटाच्या पायथ्याकडचे. पहिल्यांदा जंगल सत्याग्रहात आत गेले, दुसऱ्यांदा बेचाळीसला. तुरुंगात त्यांना इस्पितळ झाडायचं काम होतं. अक्षरओळख तिथलीच, औषधांची नावं तिथली, आणि सभेत बोलायची सवयही तिथलीच. सुटून आले ते वैशाखऱ्याला राहिलेच नाहीत. मुरबाडात एका भाताच्या गिरणीमागे खोली घेऊन एकटे राहत. स्वयंपाक एकवेळचा, भाषण दोन्ही वेळचं. लोक त्यांना हसत आणि मीही हसायचो, हे कबूल केलेलं बरं.

स्वराज्य येऊन वर्ष उलटलं होतं. तालुक्याच्या दवाखान्याची एक कमिटी होती, आणि तिच्यापुढे भाऊंचा एक ठराव आला. डॉक्टरांनी आठवड्यातून एक दिवस वैशाखऱ्याच्या धर्मशाळेत बसावं, आणि घाटाखालच्या वाड्यांना तिथे औषध द्यावं. एवढंच. हा ठराव सभेपुढे यावा म्हणून भाऊ दीड वर्ष कमिटीतल्या प्रत्येकाच्या उंबऱ्याशी जाऊन बसले होते. ते स्वतः कमिटीत नव्हते, पण बोलायची परवानगी मिळाली होती. माझं अक्षर बरं म्हणून वृत्तान्त लिहायला मला बसवलं होतं.

सभा शाळेत भरली. कमिटी सात जणांची. अध्यक्ष रावसाहेब विरुद्ध, नानासाहेब वकील विरुद्ध, आणि नानासाहेब हात वर करतील तेव्हा हात वर करणारे एक गृहस्थ विरुद्ध. उरलेले चार भाऊंच्या बाजूचे, आणि त्यांतले चौथे म्हणजे आमचे नवे डॉक्टर, पुण्याहून आलेला एक बुजरा तरुण. चार विरुद्ध तीन. भाऊंनी सकाळीच मला बोटांवर मोजून दाखवलं होतं.

नानासाहेब आधी बोलले. बोलणं त्यांचं पेशाला शोभेसं होतं. "स्वराज्य आपण कशासाठी मिळवलं? स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी. चरखा आपल्याला काय शिकवतो? ज्याचं त्यानं करावं. आज सरकारनं औषध दारात नेऊन दिलं, तर उद्या रयत म्हणेल, घास भरवा. देश तान्हा आहे. त्याच्यावर किती भार टाकायचा?" दोनचार माना डोलल्या. खरं सांगायचं तर माझीही किंचित डोलली.

मग भाऊ उठले.

"अध्यक्ष म्हाराज, वकीलसायब बोल्ले, पायावर उभं ऱ्हावा. बेस बोल्ले. पन ताप चढला का पायच उभं ऱ्हात नाय, आनि दवाखाना तवाच लागतो. ते जाऊ द्या. दर सालाला आपून झेंड्याखाली शपथ घ्यायचो. तिच्यात काय व्हतं? जगाया जे लागतं ते मानसाला मिळालं पायजे, तो त्याचा हक्क हाय. मी हात वर करून बोल्लो. वकीलसायब, तुमीबी माझ्या बाजूला उभं ऱ्हाऊन बोल्ला. मंग आता सांगा, थंडीतापाची कोयनेलची गोळी जगाया लागते का नाय लागत?"

नानासाहेबांनी उपरण्यानं मान पुसली. भाऊ रंगात आले होते.

"इंग्रजानं मला आत टाकला. रोज सकाळी डाक्टर माझी नाडी बघाया यायचा. खोकला आला, औषध. ताप आला, औषध. बाटली आन म्हनून कोनी बोल्ला नाय. आता आपलं राज्य आलं. त्या औषधासाठी मी पुना गुन्हा करू का?"

रावसाहेबसुद्धा हसले. सभा हातात आली होती. मी लिहिता लिहिता पाहिलं, डॉक्टरांचा हात मांडीवरून वर जायच्या बेतात होता.

"हसा," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मीबी हसतो. पन मी तिथं खोकल्याचं औषध पीत व्हतो, त्याच म्हयन्यात वैशाखऱ्याला माझ्या घरात..."

त्यांची बायको ते तुरुंगात असताना गेली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या तोंडून मात्र आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच बाहेर ओट्यावर काहीतरी धपकन टेकवल्याचा आवाज आला.

डोली होती. बांबूला गोधडी बांधलेली. घाटाखालच्या ठाकरवाडीतून चार माणसं पहाटे निघाली होती आणि आळीपाळीनं खांदा देत दुपारी तीनला मुरबाडात पोचली होती. दवाखाना बंद, डॉक्टर सभेत, म्हणून कंपाउंडरनं त्यांना शाळेकडे पिटाळलं होतं. गोधडीत एक म्हातारी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. ती इतकी कुडकुडत होती की बांबू हलताना दारातून दिसत होता.

डॉक्टर अर्धवट उठले आणि त्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं.

"बसा, बसा. पाच मिनिटांत मतं घेऊ," रावसाहेब म्हणाले.

"पाच मिनिटांत कशी?" नानासाहेब उठले. "मला उत्तर द्यायचा हक्क आहे. मला अर्धा तास लागेल."

हक्क होताच. विरुद्ध बाजूचं उत्तर ऐकल्याशिवाय मतं घ्यायची नाहीत, हा नियम मागच्या सभेत भाऊंनीच भांडून करून घेतला होता. बरं, सभा पुढे ढकलावी तर रावसाहेबांना पाचच्या मोटारीनं कल्याण गाठायचं होतं, आणि एकदा गुंडाळलेला ठराव पुन्हा कधी वर येतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टर तसेच ताटकळले. नोकरीत नवे, त्यातून अध्यक्ष समोर. मी भाऊंकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते.

"डाक्टर, तुमी जावा," ते म्हणाले.

"भाऊ, माझं मत..." डॉक्टर पुटपुटले.

"मत पुना मागता येईल. म्हातारी पुना नाय येनार. जावा तुमी. अध्यक्ष म्हाराज, माझं भाषन संपलं."

आणि घोंगडी उचलून ते डॉक्टरांच्या पाठोपाठ बाहेर पडले. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो. वाक्य अर्धवट टाकून उठताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नानासाहेबांनी आपला अर्धा तास पुरेपूर वापरला. मतं तीनास तीन पडली. रावसाहेबांनी अध्यक्षाचं जादा मत विरुद्ध टाकलं, टोपी झटकली आणि मोटार गाठली. 'ठराव नामंजूर' एवढं लिहून मी थांबलो, कारण भाऊंचं भाषण माझ्या वहीत मध्येच तुटलं होतं. शेवट काय लिहायचा हे विचारायला मी वही घेऊन दवाखान्याकडे गेलो. विचारायचं हे निमित्त. त्यांना एकटं सोडवेना, हे खरं कारण.

डोलीवाले विहिरीवर पाणी पीत होते. डॉक्टर म्हातारीला सुई टोचून आत औषध करायला गेले होते. ओसरीवर म्हातारी आडवी होती, अंगावर भाऊंची घोंगडी, आणि भाऊ उशाशी उकिडवे बसले होते. त्यांच्या तळहातावर कोयनेलच्या गोळ्या होत्या. मी कोपऱ्यावरच थबकलो. थंडी उतरली होती, म्हातारीला बोलायचं सुचत होतं.

"आत कोन भांडत व्हता रं?" तिनं विचारलं.

"मी."

"कशापायी?"

"तुझ्यापायी, म्हातारे."

"मंग? जिकलास?"

"नाय."

म्हातारीनं घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. "माझ्यापायी आजपावेतो कोनी भांडला नाय. काय बोलत व्हतास? सांग. आयकते मी."

सवयीनं भाऊंनी घसा साफ केला. 'अध्यक्ष म्हाराज' म्हणायला तोंड उघडलं असावं, पण ते तसंच मिटलं. या माणसाला 'पुरे', 'बसा', 'आटपा' हे आम्ही सगळ्यांनी हजारदा म्हटलं होतं. 'सांग' असं कुणी म्हटल्याचं मला आठवेना. मीही म्हटलं नव्हतं, आणि त्याची मला तिथे उभ्या उभ्या शरम वाटली.

"माझी बायको व्हती," ते म्हणाले. इतक्या हलक्या आवाजात ते बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. "जनी नाव तिचं. भादव्यात ताप भरला तिला. डोली उचलाया घरात मानूस नव्हता."

"मंग?"

मी वही मिटून काखेत घातली आणि आल्या पावली मागे वळलो. पाठीमागून भाऊंचं बोलणं ऐकू येत होतं.

"तू आदी गोळी गिळ," ते म्हातारीला सांगत होते. "मंग सांगतो. सगळं सांगतो."